छायाचित्राचे रूपक आणि अनुमानाचे वास्तव : वायुस्थितीतील जलद प्रकाशरासायनिक अभिक्रियांच्या मापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या वर्गात जलद अभिक्रियांचे मापन हा घटक बहुधा एक-दोन तासिकांत उरकला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००१ च्या आदर्श अभ्यासक्रमात प्रवाह पद्धती, शिथिलन पद्धती, फ्लॅश फोटोलिसिस आणि एनएमआर पद्धती ही चार नावे एकाच ओळीत आली. पुढे अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ती ओळ जवळजवळ तशीच उतरली. परीक्षेत या घटकावर 'टीप लिहा' असा प्रश्न येतो. उत्तरात एक आकृती असते, नॉरिश आणि पोर्टर ही नावे असतात, १९६७ चे नोबेल पारितोषिक असते आणि एक वाक्य हमखास असते : पहिल्या प्रकाशझोताने रेणू फुटतो व दुसऱ्या झोताने त्याचे छायाचित्र घेतले जाते.

हे वाक्य सोपे आहे, लक्षात राहणारे आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने पूर्णतः निराधारही नाही. परंतु छायाचित्र म्हटले की काही गोष्टी न बोलता गृहीत धरल्या जातात. जे घडले ते एकदाच घडले, ते डोळ्यांसमोर घडले आणि चित्रात जे आले त्याचा वेगळा अर्थ लावण्याचे कारण नाही, अशी ती गृहीते होत. वायुस्थितीतील जलद प्रकाशरासायनिक अभिक्रियांच्या मापनात या तिन्ही गृहीतांपैकी एकही टिकत नाही. न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर पाठ्यपुस्तक ज्याला प्रत्यक्ष म्हणून सादर करते ते वस्तुतः अनुमान आहे. अनुमान हे प्रत्यक्षापेक्षा हलके असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र अनुमानाला व्याप्ती तपासावी लागते आणि उपाधी शोधावी लागते. छायाचित्राला तसे काही करावे लागत नाही, निदान तसे आपण मानतो. प्रस्तुत लेखात या रूपकाची तपासणी करावयाची आहे.

रूपकाचा उगम

अल्पजीवी मूलकांचे अस्तित्व सिद्ध करण्याचे श्रेय फ्रिट्झ पानेट यांच्या १९२९ मधील प्रयोगांना दिले जाते. टेट्रामिथाइल शिशाची वाफ तापलेल्या नळीतून नेली असता नळीच्या काचेवर शिशाचा आरसा बसे. पुढे वाहत गेलेले मिथाइल मूलक दुसऱ्या ठिकाणी आधीच बसविलेला आरसा नाहीसा करीत. आरसा किती अंतरावर नाहीसा होतो आणि वायू किती वेगाने वाहतो, यांवरून मूलकाच्या आयुष्याचा अंदाज बांधता येई. काळ मोजण्याचे काम येथे अंतराकडे सोपविलेले होते. या प्रयोगाला कोणी छायाचित्र म्हटले नाही, कारण त्यात मूलक कोठेच दिसत नव्हता. दिसत होते ते त्याने केलेले काम.

केंब्रिज येथे रोनाल्ड नॉरिश आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज पोर्टर यांनी १९४९ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली तिने ही स्थिती पालटली. दुसऱ्या महायुद्धात पोर्टर ब्रिटिश नौदलात रडार अधिकारी होते. रडारमध्ये एक स्पंद पाठवावयाचा आणि ठरावीक विलंबाने प्रतिसाद वाचावयाचा असतो. हीच कल्पना त्यांनी प्रकाशाला लावली. संधारित्रांत साठविलेली ऊर्जा वायूने भरलेल्या दिव्यातून एकदम सोडली की क्षणार्धात प्रचंड तेजाचा झोत मिळे व त्याने वायूतील रेणू मोठ्या संख्येने फुटत. ठरावीक विलंबाने दुसरा क्षीण झोत त्याच नळीतून जाई आणि त्याचा वर्णपट छायाचित्रण-पट्टिकेवर नोंदला जाई. म्हणजे मूळ उपकरणात छायाचित्र हे रूपक नव्हतेच. ती पट्टिका खरोखर अंधाऱ्या खोलीत धुतली जात होती.

पुढील दोन-तीन दशकांत पट्टिका गेली, तिच्या जागी प्रकाशगुणक नलिका आली, दिव्याच्या जागी लेसर आला, आणि मिलिसेकंदांवरून काळाची मर्यादा नॅनोसेकंदांवर व नंतर त्याही खाली उतरली. वस्तू गेली तरी शब्द राहिला. अहमद झेवेल यांना १९९९ मध्ये फेम्टोसेकंद वर्णपटविज्ञानासाठी नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तर 'रेणूंचा कॅमेरा' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सर्वत्र रूढ झाला. स्वतः झेवेल यांनाही ही उपमा प्रिय होती. विज्ञानाच्या लोकप्रियतेला तिचा लाभ झाला हे नाकारता येत नाही. प्रश्न अभ्यासकक्षाचा आहे.

वक्ररेषा कशी तयार होते

आजच्या प्रयोगाचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे रूपक कोठे तुटते ते स्पष्ट होते. हायड्रॉक्सिल मूलकाचे उदाहरण घेऊ. वातावरणाच्या रसायनशास्त्रात त्याचे स्थान मध्यवर्ती असल्यामुळे त्यावर सर्वाधिक काम झाले आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ एखाद्या निष्क्रिय वायूत मिसळून ती काचपात्रातून सावकाश वाहू दिली जाते. २४८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसर-स्पंदाने काही रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. ठरावीक विलंबानंतर सुमारे २८२ नॅनोमीटरचा दुसरा स्पंद येतो. तो शोषून मूलक उत्तेजित होतात आणि ३०८ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश बाहेर टाकतात. या अनुस्फुरणाची तीव्रता मूलकांच्या संख्येच्या प्रमाणात असते.

एका विलंबाला एक बिंदू मिळतो, आणि तोही एका स्पंदातून मिळत नाही. अनेक स्पंदांची सरासरी घ्यावी लागते. पुढच्या विलंबासाठी पुन्हा नवा वायू, पुन्हा नवे मूलक आणि पुन्हा सरासरी. अशा वीस-पंचवीस बिंदूंतून एक उतरती वक्ररेषा उभी राहते. विद्यार्थी जिला एका अभिक्रियेचा चित्रपट समजतो, ती प्रत्यक्षात शेकडो किंवा हजारो स्वतंत्र घटनांतून जुळविलेली रेषा असते. त्या सर्व घटना एकसारख्या होत्या हे गृहीत धरूनच ती जोडली जाते. स्पंदांची ऊर्जा बदलली, वायूचा प्रवाह मंदावला, मागच्या स्पंदातील अवशेष पात्रात रेंगाळले, तर हे गृहीत कोसळते. आणि रेषेकडे पाहून ते कळत नाही. ती तशीच गुळगुळीत दिसते.

मूलकांची संख्या मुद्दाम अत्यल्प ठेवली जाते. एका घन सेंटिमीटरमध्ये शंभर अब्ज मूलक हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो, परंतु सामान्य दाबाला व तापमानाला तेवढ्याच जागेत वायूचे जे रेणू असतात त्यांच्याशी तुलना केली तर दर सुमारे २५ कोटी रेणूंमागे एक मूलक असे प्रमाण पडते. ज्या वायूशी अभिक्रिया मोजावयाची तो मूलकांच्या हजार-दहा हजार पट घेतात, म्हणजे त्याची संख्या अभिक्रियेच्या काळात स्थिर मानता येते. यालाच छद्म-प्रथम कोटीची स्थिती म्हणतात. मूलकांचा ऱ्हास मग साध्या घातांकी नियमाने होतो. निरनिराळ्या संहतींना ऱ्हासाचा वेग काढून त्यांचा आलेख मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिचा चढ हाच वेग-स्थिरांक.

या आलेखात आणखी एक संख्या असते आणि पाठ्यपुस्तके तिच्याकडे क्वचितच पाहतात. अभिक्रियाकारक वायू मुळीच नसतानाही मूलक नाहीसे होत असतात. काही विसरणाने बाहेर जातात, काही ज्या पेरॉक्साइडमधून जन्मले त्यालाच जाऊन धडकतात, काही वायूतील अज्ञात मलांशी संयोग पावतात. आलेखाची रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते तो छेद म्हणजे या सर्वांची बेरीज. हा छेद प्रामाणिकपणे समजावून न घेता केवळ चढ सांगणे म्हणजे संशोधित आवृत्तीतून पाठभेदांची तळटीप काढून टाकण्यासारखे आहे.

पाहणारा प्रकाश

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरून छायाचित्र घेण्यास मनाई आहे हे या शहरात कोणास सांगावे लागत नाही. चित्र पाहण्यासाठी टाकलेला प्रकाशच चित्राला बाधक ठरू शकतो, हे त्या मनाईमागील तत्त्व. रसायनशास्त्रात या तत्त्वाचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला तो १९७० च्या दशकात, खुल्या हवेतील हायड्रॉक्सिल मूलक लेसरने मोजण्याच्या प्रयत्नांत. मूलक पाहण्यासाठी वापरलेला २८२ नॅनोमीटरचा प्रकाश हवेतील ओझोन फोडत होता. त्यातून निघालेले उत्तेजित ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेशी अभिक्रिया करून नवे हायड्रॉक्सिल मूलक तयार करीत, आणि तेच मोजले जात. उपकरण जे पाहत होते त्याचा काही भाग त्यानेच निर्माण केलेला होता. यावर उपाय शोधताना हवेचा दाब कमी करणे आणि ३०८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजन देणे हे मार्ग पुढे आले. त्या तरंगलांबीला ओझोन फारच कमी प्रमाणात फुटतो. 'छायाचित्र' या शब्दाने ही सारी अडचण झाकली जाते. छायाचित्रकार समोरच्या वस्तूला जन्म देत नाही.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात या पद्धतीवर दीर्घकाळ काम झाले आहे. एच. पी. उपाध्याय, अवधेश कुमार आणि पी. डी. नाईक यांनी २००३ मध्ये अॅसिटिलअॅसिटोनच्या प्रकाश-विघटनावर प्रसिद्ध केलेला शोधनिबंध या चर्चेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. हा पदार्थ वायुस्थितीत मुख्यतः इनॉल रूपात असतो. त्यावर २६६, २४८ आणि १९३ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून निघणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांची नवजात ऊर्जावस्था त्यांनी तपासली. तिन्ही तरंगलांबींना मूलक कंपनाच्या दृष्टीने शीत अवस्थेत सापडले, परिभ्रमणाची विभागणी मात्र निरनिराळी आढळली. या निबंधाचे खरे मोल एका विवेकात आहे. मूलक निर्माण होण्याचे दोन मार्ग दिसले तेव्हा संशोधकांनी त्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. मूळ रेणूतून थेट निघालेला मूलक कोणता आणि नंतर निर्माण झालेला कोणता, हा भेद त्यांनी आधी केला व मगच पहिल्याविषयी विधान केले. राज्यातील विद्यार्थ्याला नॉरिश-पोर्टरांच्या दिव्याची आकृती पाठ असते, पण मुंबईत झालेल्या या कामाचे नाव त्याच्या कानावर पडत नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

ओल्या इंधनाची उपाधी

पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे हे अनुमान नैयायिकांना मान्य आहे. उलट दिशेने, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे मान्य नाही. तेथे ओल्या इंधनाची उपाधी आड येते. वेग-स्थिरांकांच्या इतिहासात असे ओले इंधन वारंवार सापडते. त्यातील तीन प्रकरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले मिथेनचे. हायड्रॉक्सिल मूलकाची मिथेनशी अभिक्रिया अतिशय मंद आहे. सामान्य तापमानाला प्रोपीनशी तो ज्या वेगाने अभिक्रिया करतो त्याच्या सुमारे चार हजाराव्या भागाने तो मिथेनशी करतो. याचा अर्थ, मिथेनच्या दहा हजार रेणूंमागे प्रोपीनचा एक रेणू जरी राहून गेला तरी मोजलेला वेग खऱ्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक भरेल. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की असा मल वेग वाढवूनच दाखवितो, कधी कमी करून दाखवीत नाही. त्यामुळे अनेक प्रयोगशाळांची सरासरी घेतली म्हणून चूक धुऊन निघत नाही. सर्वांची चूक एकाच बाजूला झुकलेली असू शकते. घनश्याम वाघजियानी आणि मैसूर विद्यापीठात शिकलेले ए. आर. रविशंकरा यांनी अमेरिकेतील बोल्डर येथे केलेले आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले मापन या पार्श्वभूमीवर वाचावे. लेसरने मूलक निर्माण करून त्यांनी मिळविलेला वेग तोवर मान्य असलेल्या वेगापेक्षा कमी भरला. त्यावरून वातावरणातील मिथेनचे आयुष्य पूर्वीच्या हिशेबापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक ठरले. पृथ्वीवर मिथेन किती सोडला जातो याचा ताळेबंद या एका संख्येवर अवलंबून असतो. जनावरांच्या गोठ्यांपासून भातखाचरांपर्यंत ज्याचा हिशेब मांडला जातो तो वायू एका काचपात्रातील चढावर तोलला जात होता.

दुसरे प्रकरण नायट्रोजन डायऑक्साइडचे. हायड्रॉक्सिल मूलक त्याच्याशी संयोग पावला की नायट्रिक आम्ल बनते व मूलक वातावरणातून कायमचा बाद होतो, असे समजून वेग मोजला जात असे. परंतु अनुस्फुरणाचा ऱ्हास एवढेच सांगतो की मूलक नाहीसा झाला. तो कोठे गेला हे सांगत नाही. तेच अणू वेगळ्या क्रमाने जोडले जाऊन पेरॉक्सिनायट्रस आम्लही बनते, आणि ते इतके दुर्बळ असते की लवकरच फुटून मूलक परत देते. २०१० मध्ये मॉल्नर व सहकाऱ्यांनी मूलकाचा ऱ्हास आणि या दोन उत्पादनांचे परस्पर प्रमाण अशी दोन्ही मापने एकत्र केली. तेव्हा नायट्रिक आम्ल बनण्याचा खरा वेग शिफारस केलेल्या वेगापेक्षा कमी निघाला. त्यामुळे प्रदूषित शहरांच्या हवेत ओझोन किती तयार होईल याचा अंदाज वर सरकला. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये जाहीर झाला तेव्हा मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत औरंगाबादचे नाव होते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइड किती, हे यंत्र सांगू शकते. त्या वायूचे उन्हात पुढे काय होईल हे मात्र प्रतिकृतीच्या साहाय्याने काढावे लागते, आणि त्या प्रतिकृतीत अशाच प्रयोगशाळांतील संख्या भरलेल्या असतात.

तिसरे प्रकरण सर्वांत नाट्यमय म्हणावे लागेल. क्लोरीन मोनॉक्साइड हा मूलक पोर्टर आणि त्यांचे सहकारी राइट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच फ्लॅश फोटोलिसिसने अभ्यासला होता. तेव्हा त्याचा ओझोनशी संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांचा इशारा आला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोन-छिद्राची वार्ता आली, आणि हा मूलक जोडीने एकत्र येऊन जे द्विवारिक बनवितो त्याचे सूर्यप्रकाशातील विघटन हा स्पष्टीकरणाचा कणा ठरला. २००७ मध्ये पोप व सहकाऱ्यांनी या द्विवारिकाचे प्रकाशशोषण नव्याने मोजले आणि ते मान्य आकड्यांपेक्षा इतके कमी भरले की ओझोन-छिद्राच्या संपूर्ण स्पष्टीकरणावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. अडचण क्लोरीन वायूची होती. नमुन्यात तो थोडाफार असतोच, त्याचे शोषण त्याच पट्ट्यात येते आणि म्हणून ते वजा करावे लागते. किती वजा करावयाचे हा निर्णय संशोधकाचा. थोडे अधिक वजा झाले की मूळ पदार्थाचे शोषण थोडे दिसते. २००९ मध्ये तैवानमधील चेन व सहकाऱ्यांनी वजाबाकीचा प्रश्नच टाळला. रेणूंचा झोत निर्वातात सोडून, त्यावर लेसर टाकून, द्विवारिकाचे किती रेणू नाहीसे झाले हे त्यांनी वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजले. क्लोरीनचे वस्तुमान वेगळे असल्याने तो आड येण्याचे कारण उरले नाही. शोषण पुन्हा ओझोन-प्रतिकृतींशी जुळणारे निघाले.

२००७ चा निबंध चुकीचा ठरला म्हणून तो वाया गेला, असे मानणे अन्यायाचे होईल. वजाबाकी हे मापनाचे मर्मस्थान आहे, ही गोष्ट त्या निबंधाने सर्वांच्या नजरेस आणून दिली.

संख्यांची पाठचिकित्सा

पैठण येथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. निरनिराळ्या प्रती मिळवून, अपपाठ ओळखून, ग्राह्य पाठ निश्चित करण्याचा हा विवेक मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परिचित आहे. वेग-स्थिरांकांच्या बाबतीत असेच कार्य करणाऱ्या समित्या आहेत. नासाची मूल्यमापन समिती १९७७ पासून हे काम करीत आली आहे, आणि आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेचीही स्वतंत्र समिती आहे. प्रत्येक अभिक्रियेसाठी उपलब्ध मापने समोर ठेवून त्या कोणते मापन धरावे, कोणते सोडावे, अनिश्चितता किती मानावी हे ठरवितात व त्यामागील कारणेही छापतात. पाठसंशोधक सर्वांत जुनी प्रत शोधतो. येथे मात्र नवी प्रतच अधिक विश्वसनीय असेल असेही नाही, हे २००७ च्या प्रकरणाने दाखविले. समितीच्या सारणीतील मुख्य आकड्यापेक्षा त्याखालील बारीक टाइपातील टिपणच अनेकदा अधिक वाचनीय असते. आपल्या ग्रंथालयांतून सारणीच्या छायाप्रती काढल्या जातात तेव्हा नेमके तेच पान सुटते.

शब्दांचाही थोडा विचार करावा लागतो. मराठी विश्वकोश 'विक्रिया' म्हणतो, बालभारतीची पुस्तके 'अभिक्रिया' म्हणतात. दोन्ही चालतील. 'निरीक्षण' आणि 'मापन' हे शब्द मात्र एकमेकांच्या जागी वापरणे चालू नये. पानेटने मूलकाचे निरीक्षण केले नाही, तरीही त्याचे आयुष्य मोजले. आजचा लेसर मूलकाचे निरीक्षण करतो, तरीही त्याच्या नाहीसे होण्याचे कारण त्याला दिसत नाही. ही दोन वाक्ये विद्यार्थ्याला नीट समजली तर छायाचित्राची उपमा वर्गात खुशाल वापरावी.

मराठवाड्यातील बहुसंख्य महाविद्यालयांत स्पंद-लेसर येणे नजीकच्या काळात संभवत नाही, आणि या घटकासाठी त्याची गरजही नाही. प्रसिद्ध शोधनिबंधांतील ऱ्हासाचे आकडे सारणीरूपाने विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतात. लॉगॅरिदम काढणे, आलेख मांडणे, चढ शोधणे ही कामे साध्या आलेख-कागदावर होतात. एका संचात जाणीवपूर्वक थोडा मल मिसळल्याचे आकडे घालावेत व तो संच कोणता हे सांगू नये. चढ वाढलेला दिसेल, रेषा मात्र तेवढीच सरळ राहील. कारण मल वायूबरोबरच येतो आणि वायूच्याच प्रमाणात वाढतो. उभ्या अक्षावरील छेदही हलणार नाही. मग विद्यार्थ्याला विचारावे : हा मल कोणत्या आकड्यात सापडेल?